अक्काचं शेत, वरून

जे. पी. नगरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी अवरेकाईच्या शेंगांची हातगाडी लागली, की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. अवरेकाई म्हणजे आपले पावटेच. पण बंगळुरात डिसेंबर-जानेवारीत त्यांचा जो थाट असतो, तो पावट्यांना आणखी कुठे मिळत असेल असं मला वाटत नाही. उपम्यात अवरे, आमटीत अवरे, भाकरीच्या पिठातसुद्धा अवरे. शेंगेला उग्र वास आला नाही तर बायका ती गाडीवर परत टाकतात. हा वास साबणाने जात नाही, शिकेकाईने जात नाही. संक्रांत झाली की आपोआप जातो.

आज सकाळपासून अक्का, माझी थोरली बहीण, बाल्कनीत उन्हाला पाठ देऊन भिजवलेले दाणे सोलत बसली आहे. दाणा अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरायचा, हलकेच दाबायचा. दाणा टुणकन पातेल्यात, साल बोटात. माझा एक होईपर्यंत तिचे चार होतात. त्र्याहत्तर वर्षांच्या त्या बोटांना अजून कसली घाई आहे कोण जाणे. मी चहा घेऊन बाहेर येते, तो वास नाकात शिरतो, आणि मला ड्रोन आठवतो.

हसू नका. दोन वर्षांपूर्वी ह्याच अवरेच्या दिवसांत, वयाच्या साठाव्या वर्षी, मी ड्रोन उडवायला शिकले. त्याने टिपलेले डोंगर, तळी आणि शेतं कापून-जोडून त्यांचे व्हिडिओ करायलाही शिकले. त्या दोन महिन्यांइतकी मी शाळेत असतानाही कधी अभ्यासाला बसले नव्हते.

मी भूगोल शिकवत असे. तीस वर्षं फळ्यावर नद्या काढल्या, डोंगर काढले, उत्तर वरच्या बाजूला असते हे सांगून सांगून घसा बसवला. पण जमीन वरून कशी दिसते हे मी स्वतः कधी धड पाहिलं नव्हतं. विमानात बसले होते दोनदा, दोन्ही वेळा मधल्या खुर्चीत. निवृत्तीला घरच्यांनी विचारलं, काय हवं, पाटल्या की काशीयात्रा? मी म्हटलं, ड्रोन.

आमच्या ह्यांनी दोन दिवस माझ्याकडे बारीक नजरेने पाहिलं. हे चाळीस वर्षं पीण्या ह्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका लहानशा कारखान्यात लेथवर काम करत होते. जी गोष्ट व्हर्नियरच्या जबड्यात मावत नाही तिच्यावर ह्यांचा विश्वास बसत नाही. शेवटी अडीचशे ग्रॅमच्या आतला, तळहाताएवढा ड्रोन घरी आला. ह्यांनी आधी त्याचं वजन करून खात्री केली, मग त्याला कुंकू लावलं. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात तसं ठेवायला गेले, तर चाकंच नाहीत. लिंबाचं सरबत केलं आणि प्यायलो.

शिकवणारी गुरू वरच्या मजल्यावरच राहत होती. पल्लवी मूळची नागपूरची, इथे सॉफ्टवेअरमध्ये. चार वर्षांत तिचं कन्नड ‘सरी’ म्हणजे बरं आणि ‘स्वल्प’ म्हणजे जरा, ह्या दोन शब्दांपुढे सरकलं नव्हतं. आमचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी फौजेमागून इकडे आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे आमची मराठी तिला कन्नड वाटे, आणि तिची आम्हाला हिंदी. तरी आमचं जमलं, कारण ती रागावत नसे आणि मला चुकायची लाज वाटत नसे.

“काकू, रिमोटची स्टिक हळू सोडा नं! तुम्ही तर मिक्सरचं बटण फिरवून राहिल्या.”

“हळूच तर केलं.”

“अजून हळू. मनातल्या मनात पाच मोजा, मग वळवा. बघणाऱ्याला चक्कर नाही आली पाहिजे.”

माझा पहिला व्हिडिओ बघून ह्यांनी चघळायला आल्याचा तुकडा मागितला होता, तेव्हा तिचं म्हणणं खरंच असावं.

पहिली मोठी फजिती मात्र माझी नव्हे, ह्यांची. ड्रोन मातीवरून उडवला की धूळ कॅमेऱ्यात जाते, म्हणून खाली काहीतरी सपाट लागतं. एवढं ऐकलं आणि ह्यांना कामच मिळालं. पीण्यातल्या जुन्या मित्राकडून पोलादी पत्रा कापून आणला, कडा घासल्या, मधोमध वर्तुळ कोरलं. कनकपुरा रस्त्याच्या बाजूला एका माळावर तो पाट्यासारखा मांडला, पाणसळ लावून सपाट केला. मी ड्रोन त्यावर ठेवला आणि ड्रोन ठार वेडा झाला. उत्तर कुठे तेच त्याला कळेना. पडद्यावर लाल अक्षरं, उडायचं नाव नाही. पल्लवी पोट धरून हसत होती. “काका, कंपास असते त्याच्यात! तुम्ही लोखंडावर बसवलं नं त्याला!” हे पाट्याकडे बघत शांतपणे म्हणाले, “एका सुताचा फरक नाही त्यात.” तो पाटा आता आमच्या तुळशीच्या कुंडीखाली आहे, आणि कुंडी अगदी सरळ उभी आहे.

लोखंड चालत नाही, प्लास्टिक पंख्याच्या वाऱ्याने उडतं. दुसऱ्या खेपेला मी माळ्यावरून बागिनाचं सूप काढून नेलं. बंगळुरात गौरीच्या सणाला सवाष्णी एकमेकींना बांबूच्या लहान सुपांची जोडी देतात, एका सुपात वाण आणि दुसरं त्याच्यावर झाकण. ह्यालाच बागिना म्हणतात. सण संपतो, वाण संपतं, सुपं उरतात. हळद लावलेली ती सुपं टाकवत नाहीत आणि वापरवतही नाहीत. आमच्या माळ्यावर वीसेक तरी असतील. त्यातलं एक पालथं घातलं, वर ड्रोन ठेवला, आणि तो मुकाट्याने उडाला. तेव्हापासून माझं विमानतळ तेच.

त्या महिन्यात आम्ही शनिवार-रविवार पहाटेच निघायचो. कुठे उडवायचं ते पल्लवी आधी नकाशावर हिरवा भाग बघून ठरवायची. सात वाजता गवतावर दहिवर असायचं, मोठमोठ्या उघड्या खडकांच्या मधून धुकं निघून जात असायचं, आणि चहुबाजूला कापणीला आलेली रागी. रागी म्हणजे नाचणी. इकडचा जीवच तिच्यावर आहे. खालून बघितलं तर नुसतं गुडघ्याएवढं तपकिरी पीक. वर गेलं की त्याचे तुकडे दिसायचे, बांध दिसायचे, मधूनच कुणीतरी अवरे पेरलेल्या ओळी हिरव्या उठायच्या. पहिल्यांदा तो बांधांचा नकाशा पडद्यावर बघितला तेव्हा मला हुंदकाच आला. तीस वर्षं मुलांना जे सांगत होते ते खरं निघालं होतं.

घारींनी दोनदा पाठलाग केला. एकीने तर पंजाच पुढे काढला, मी किंचाळले, आणि पल्लवीने माझ्या हातातून रिमोट ओढून ड्रोन सरळ वर नेला. घारीला झपकन वर चढता येत नाही म्हणे. ही माहिती आमच्या पुस्तकात नव्हती.

कापायला बसले की मात्र माझं घोडं अडायचं. वीस मिनिटांच्या उड्डाणातून दीड मिनिट ठेवायचं आणि बाकीचं टाकायचं. माझं मन मास्तरीणबाईचं. काही गाळायचं म्हटलं की वाटायचं, नेमकं हेच परीक्षेत आलं तर? पल्लवी यायची, शेजारी बसायची, आणि “काकू, हे बोअर आहे,” म्हणत माझी लाडकी तळ्याची साडेतीन मिनिटं एका झटक्यात उडवायची. पुढे पुढे मलाच कळायला लागलं, की डोळा जिथे थांबतो तिथे थांबावं आणि तो उठायच्या आत आपण उठावं. पाहुण्याने कधी निघावं ह्याचा हाच नियम आहे.

मग मला रंगांचा डबा सापडला आणि मी बिघडले. एक पट्टी सरकवली की आकाश निळं, दुसरी सरकवली की गवत हिरवं. बंगळूरच्या तळ्यांना मी काश्मीरचं पाणी दिलं. हे सगळं मी मोठ्या हौसेने अक्काला फोनवर पाठवत असे.

अक्का तेव्हा देवनहळ्ळीच्या पुढे तिच्या गावात राहायची. यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती, मुलगी पुण्याला, आणि ही एकटी तिची तीन एकर रागी करून होती. ड्रोनला ती भुंगा म्हणायची. माझे व्हिडिओ तिच्याइतके बारकाईने कुणी पाहिले नसतील, आणि तिच्याइतकी माझी पूजाही कुणी बांधली नसेल.

“नलू, हे शेत कधीचं गं?” एकदा फोन आला.

“कालचंच, अक्का. छान आलंय ना?”

“कापताहेत वाटतं. कडेला बायका दिसताहेत.”

“हो, कापणीच चाललीय.”

“अय्यो! एवढ्या हिरव्या रागीला विळा लावला? स्वल्प थांबायला काय झालं होतं? पंधरा दिवस तरी हवेत त्याला. कोण गं हे उधळे?”

मी मूळ चित्रण उघडून बघितलं. रागी पिकून बदामी झाली होती. तिला हिरवं मी केलं होतं, सुंदर दिसावं म्हणून. एका बोटाच्या हालचालीने मी कुणाचं तरी पिकलेलं शेत कच्चं करून टाकलं होतं, आणि त्या बिचाऱ्यांना अक्काकडून बोलणी बसली होती.

दुसऱ्यांदा मी शहाणपणा करून आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही व्हिडिओ पाठवले, माझी करामत दिसावी म्हणून. शेताच्या एका कोपऱ्यात काळपट पट्टी होती ती मी सफाईने पुसून आजूबाजूच्या रंगात मिसळली होती.

“इथली ओल कुठे गेली?” अक्काने विचारलं.

“डाग होता तो. काढून टाकला.”

“डाग कसला? खाली पाणी मुरतंय तिथे. माझ्या शेतात नाही का, ईशान्य कोपऱ्यात, विळ्यासारखी वाकडी पट्टी? तिथली रागी दरवर्षी दहा दिवस मागे राहते आणि मग वाऱ्याने आडवी होते. ती पुसलीस तर माझं शेत मलाच ओळखू यायचं नाही, नलू.”

त्या दिवशी मी रंगांचा डबा बंद केला. अगदीच नाही, आकाश थोडं निळं करतेच अजून, पण जमिनीला हात लावत नाही.

आणि एकदा तिने विचारलं, “वारा नव्हता का गं तिथे?” व्हिडिओला मी बासरी लावली होती. ड्रोनला आवाज टिपताच येत नाही, त्याच्याच पंख्यांची भुणभुण असते. तेव्हापासून मी ड्रोन खाली उतरला की तिथेच उभी राहून फोनवर पाच मिनिटं नुसता आवाज घ्यायला लागले. बांधावरचे पक्षी, लांबचा ट्रॅक्टर, ह्यांचं खोकणं.

त्याच फोनवर, बोलता बोलता, अक्का म्हणाली, “माझं शेत एकदा वरून दाखव बाई. पन्नास वर्षं वाकूनच बघितलंय.”

तिने ते मीठ संपलंय म्हणावं तसं म्हटलं होतं. पण मला त्यामागचं ठाऊक होतं. शेत विकलं गेलं होतं. ही शेवटची रागी. संक्रांत झाली की ती आमच्याकडे राहायला येणार होती आणि तिच्या शेताचा लेआउट होणार होता, म्हणजे घरांसाठी प्लॉट पडणार होते. हद्दी आखायचे, चुना फासलेले पांढरे दगड बांधावर येऊन पडलेसुद्धा होते. मी रडायला लागले तेव्हा तिनेच मला दटावलं होतं. “मीच सही केली, हौसेने केली. गुडघे माझे आहेत की तुझे? रडू बेडा, अजिबात रडायचं नाही.” तिला खरंच दुःख नव्हतं. तिला फक्त एकदा बघायचं होतं, ज्याच्यात आयुष्य गेलं ते दिसतं तरी कसं. आणि ते दाखवू शकणारी घरात मी एकटीच होते. मी तिला शब्द दिला, आणि ह्यापुढचं माझं सगळं शिकणं त्या तीन एकरांसाठी होतं. दुसऱ्यांच्या शेतांवर मी हात बसवत होते, उंची ठरवत होते, चिंचेच्या झाडामागून हळूच वर येत सगळं शेत कसं उलगडायचं त्याची तालीम करत होते.

डिसेंबरच्या मध्यावर, कापणी अर्धी झालेली असताना, एका रविवारी आम्ही दोघं गेलो. पल्लवीला बरं नव्हतं. अक्काने नवं लुगडं नेसलं होतं, जणू फोटो तिचाच निघणार होता. बांधावर सूप पालथं घातलं, त्यावर ड्रोन ठेवला. अक्काने वाकून त्याला नमस्कार केला. मी बटण दाबलं. पंखे फिरेनात.

पुन्हा दाबलं. पडद्यावर नकाशा उघडला, आणि नकाशावर एक भलंमोठं लाल वर्तुळ, मधोमध विमानतळ, आणि आम्ही तिघं त्या वर्तुळाच्या बरोबर पोटात. इथे ड्रोन उडवायला मनाई.

वर्गात मी पोरांना रोज काय सांगायचे? आधी नकाशा बघा, मग तोंड उघडा. इतके दिवस पल्लवी नकाशा बघत होती आणि मी आकाश. अक्काचं गाव माझ्या मनात अजून लहानपणीचं होतं, दोन बस बदलून जायचं लांबचं गाव. विमानतळ त्याच्या शेजारी येऊन इतकी वर्षं झाली, तरी मनातल्या नकाशावर मी ते काढलंच नव्हतं.

“का गं, रुसला का भुंगा?” अक्काने विचारलं.

मी सांगितलं. सांगत असतानाच डोक्यावरून एक विमान इतक्या खालून गेलं की बोलणं थांबवावं लागलं.

“त्याला चालतं आणि ह्याला नाही?”

“त्याच्यासाठीच ह्याला नाही, अक्का.”

हे इकडेतिकडे बघत होते. हार मानणं ह्यांच्या स्वभावात नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, तिच्यावर शिडी लावली, शिडीवर मी, माझ्या हातात फोन बांधलेला वेळू, आणि खाली शिडी धरून हे. त्या चित्रणात ह्यांचं टक्कल फार स्पष्ट आलं आहे, मागे जेमतेम पाव एकर रागी.

“उतर आता, पडशील,” अक्का म्हणाली. “पन्नास वर्षं नाही बघितलं, काही अडलं नाही. अष्टे, एवढंच.” मग ती स्वयंपाकाला लागली, आम्हाला अवरेची आमटी आणि रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, वाढले, गप्पा मारल्या, हसलीसुद्धा. मी मात्र परतीच्या वाटेवर ते लाल वर्तुळ पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. शब्द देऊन मोडला होता, आणि तोही नकाशा न बघितल्यामुळे. इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

पुढच्या खेपेला मी ड्रोन नेलाच नाही. रागी रस्त्यावर पसरली होती. इकडे कापलेलं पीक डांबरी रस्त्यावर अंथरतात; येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या त्याच्यावरून गेल्या की मळणी आपोआप होते. विमानतळाकडे धावणाऱ्या टॅक्सीवाल्यांनी अक्काची शेवटची मळणी करून दिली. मी कडेला उभी राहून आवाज तेवढा टिपला. चाकांखाली काडाचा चुरचुर आवाज, मग शांतता, मग पुढची गाडी. अधूनमधून अक्काचं ओरडणं, “अण्णा, स्वल्प ह्या बाजूने घ्या!”

संक्रांतीला तिने गावभर तीळगूळ-खोबऱ्याचं एळ्ळु-बेल्ला वाटलं, घराला कुलूप लावलं, आणि दोन पिशव्या व एक पोतं रागी घेऊन आमच्याकडे आली. निघताना लेआउटवाल्याला बजावून आली, “ईशान्येच्या कोपऱ्यात ओल आहे, पाया खोल घ्यायला सांगा लोकांना.” तो म्हणाला, “अम्मा, ईशान्येला पाणी म्हणजे वास्तूला उत्तमच!” हे सांगताना ती अजून हसते.

आठवड्याभरातच तिच्या मुलीने पुण्याला नव्या घराची वास्तुशांत ठेवली आणि आम्हा तिघांची विमानाची तिकिटं पाठवली. अक्काचा हा पहिलाच विमानप्रवास. तिकिटं बघत असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याच्यापायी भुंगा बसून राहिला, ते विमान तर आपल्याला घेऊन त्याच वर्तुळातून वर जाणार होतं.

ह्या वेळी मी नकाशा बघितला. चार दिवस बघितला. थंडीत वारा पूर्वेकडून, म्हणजे विमान बहुधा पूर्वेकडे उडणार, मग पुण्यासाठी डावीकडे वळणार, वळताना डावा पंख खाली. शेत डाव्या हाताला. डावीकडची खिडकी अक्काला, मधली खुर्ची मला, कडेची ह्यांना. तिसऱ्यांदाही मधली खुर्चीच नशिबात आली, पण ह्या वेळी मी ती मागून घेतली होती.

आणि त्या सकाळी धुकं पडलं. खिडकीच्या काचेबाहेर दहा पावलांवरचं दिसेना. विमान वेळेवर सुटलं असतं तर सगळं संपलं होतं. पण धुक्यामुळे त्यालाही थांबावं लागलं. तासभर गेला, दीड गेला, लोक घड्याळं बघून वैतागत होते, आणि मी देवाला विनवत होते की अजून थोडा उशीर कर. हे म्हणाले, “एवढा उशीर व्हावा म्हणून प्रार्थना करणारी तू पहिलीच.” साडेनऊला ऊन पडलं आणि आम्ही निघालो.

विमान वर उठलं. अक्काने माझा हात घट्ट धरला, मग सोडला, कारण तिला खिडकीला टेकायचं होतं. मी तिच्या खांद्यावरून फोन धरून चित्रण सुरू केलं, स्टिक सोडताना मोजायचे तसे पाच मोजत. पंख झुकला. खाली तुकडे, बांध, लाल रस्ते, पांढरे दगड. मी चिंचेचं झाड शोधलं आणि ओरडले, “अक्का, ते बघ! चिंचेच्या डावीकडचं!”

“ते नव्हे,” अक्का म्हणाली. “ते केंपण्णाचं. आपलं हे. पट्टी बघ. ओली आहे अजून.”

आणि तिने काचेवर बोट टेकवलं.

मग पंख वर आला आणि खिडकीत नुसतं आकाश राहिलं. अक्का मागे टेकून बसली. मला वाटलं रडेल, पण ती खुदकन हसली. “एवढंसंच आहे गं! एवढ्याशाने मला पन्नास वर्षं उठू दिलं नाही.” पुण्याला उतरेपर्यंत ती मधूनमधून हेच म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी तिच्या आवाजात अभिमान होता.

पुण्यात पोचल्यावर मी चित्रण उघडलं. अकरा सेकंदं मिळाली होती. सुरुवातीला चार सेकंदं केंपण्णाचं शेत, झकास, स्थिर, पल्लवीने शाबासकी द्यावी असं. उरलेली सात सेकंदं अक्काचं बोट. मी मधल्या खुर्चीतून, तिच्या खांद्यावरून बघत होते, त्यामुळे काचेवर टेकवलेलं ते बोट बरोबर शेतावर आलं होतं. तीन एकर त्याखाली झाकून गेले होते. नखाच्या कडेला अवरेच्या सालीचा काळा डाग तेवढा स्वच्छ दिसतो. आणि खरं सांगायचं तर मी स्वतः ते शेत वरून पाहिलंच नाही, कारण मी खिडकीत नाही, पडद्यावर बघत होते.

“काकू, बोट काढता येते नं आता,” घरी आल्यावर पल्लवी म्हणाली. “एका क्लिकमध्ये. मागचं शेत ते ॲप स्वतः भरून देते.”

“कुठलं शेत भरेल ते?”

“कोणतंही. आजूबाजूचं बघून बनवते.”

म्हणजे ओली पट्टी नसलेलं. मी नको म्हटलं. त्या व्हिडिओत मी एवढंच केलं: केंपण्णाची चार सेकंदं कापून टाकली, माझ्या हाताने, न रडता, आणि उरलेल्या सातांच्या खाली तो रस्त्यावरच्या मळणीचा आवाज घातला. मी आजवर केलेल्या व्हिडिओंमध्ये हा सगळ्यात लहान आहे. त्यात निसर्ग असा काहीच नाही.

नंतर मी पुष्कळ चांगले व्हिडिओ केले. सूप बदललं, पहिल्याचे बांबू सुटले. अक्काच्या शेतात आता रस्ते झाले आहेत, दिव्याचे खांब आले आहेत. ईशान्येचा प्लॉट मात्र अजून रिकामा आहे असं कळलं, तेव्हा अक्का दिवसभर खुशीत होती.

चहाचा कप तिच्यापुढे ठेवला, तर ती म्हणाली, “नलू, ते लाव गं.” ह्या दिवसांत एकदा तरी लावायला सांगतेच. मी फोन तिच्यासमोर धरला. चाकांखाली काड चुरचुरलं, आणि पडद्यावर तिचं बोट आलं, सात सेकंदं. पातेल्याच्या काठावर तेच बोट, तसंच काळं झालेलं. ती डोळे बारीक करून अगदी लक्षपूर्वक बघत होती.

इतक्या दिवसांत विचारलं नव्हतं ते आज विचारलं. “अक्का, ह्यात तुला काही दिसतं तरी का?”

“न दिसायला काय झालं? बोटाच्या खालीच तर आहे,” अक्का म्हणाली, आणि तिने पुढचा दाणा चिमटीत घेतला.